रूळ पाहावा की बसणारा?

1901 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एडविन प्रेस्कॉटनं ‘लूप द लूप’ उभं केलं. उंचावरून सुटलेली गाडी एका उभ्या वेटोळ्यात शिरायची, वरच्या टोकाला माणसं क्षणभर उलटी व्हायची आणि गाडी पलीकडून सरळ होऊन बाहेर पडायची. गाडीत जागा चारच. दिवसभर फेऱ्या चालवल्या तरी तिकिटांचा गल्ला बेताचाच राहणार. पण ही उलटी होणारी गाडी जवळून पाहायचेही पैसे पडत, आणि ते देणारे बसणाऱ्यांहून किती तरी जास्त असत. कठड्याशी उभं राहायचं, वेटोळ्यातून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा निरखायचा आणि मग आपण बसायचं की नाही ते ठरवायचं. बहुतेक जण न बसताच घरी जात.

नवी राइड कशी आहे हे तिच्यावर न बसताच ठरवायची सवय मोबाइलनं लावली, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि या खेळांच्या इतिहासाचा मला फार पूर्वीपासून नाद आहे. त्यावरून सांगते, ही सवय या धंद्याइतकीच जुनी आहे. बदललं आहे ते एवढंच, की पूर्वी पाहणारा बसणाऱ्या माणसाकडे पाहायचा आणि आता तो रुळाकडे पाहतो. हा बदल कधी आणि कसा झाला, त्यात आपण काय गमावलं, ते मला इथे मांडायचं आहे.

माझं लहानपण माहीमचं. डिसेंबरात मखदूम शाह बाबांच्या उरुसाला जत्रा भरली की समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे उभे राहत. मोटारीवर फिरणारे मोठे पाळणे होतेच, पण पोरांसाठीचे लाकडी पाळणे हातानं फिरवत. पाळणेवाला सांगाड्यावर चढून वरच्या आडव्या दांडीला लोंबकळायचा आणि स्वतःच्या वजनानं पाळणा खाली आणायचा. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तिकीट काढण्याआधी आम्हाला एक पुरी फेरी नुसती पाहायला लावायचे. ‘पाळण्याकडे बघू नका, बसलेल्या पोरांकडे बघा,’ म्हणायचे. पाळणा माथ्यावरून खाली येताना पोरं दांडी घट्ट धरतात का, पोटाशी हात नेतात का, उतरल्यावर सरळ चालतात का. त्यावरून आमच्या धाकट्याला बसवायचं की नाही ते ठरायचं. वांद्र्याला मतमाउलीच्या जत्रेतही हाच नियम असे. पुढे कॉलेजात वर्तुळाकार गतीचा धडा शिकवताना मी मुलांना नेहमी हेच सांगत आले, की आधी बल कुठे जाणवतं ते शोधा, आकृती मग काढा.

असे पाळणे फार जुने आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानं 1615 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये अशा चक्रात बसून पाहिलं होतं. पीटर मंडी या इंग्रजानं 1620 साली आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानी मुलखात, निरनिराळे पाळणे पाहिले, त्यांचं वर्णन लिहिलं आणि चित्रंही काढून ठेवली. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आणि आग्र्याला आला. राइडचं चित्र पाहून घरबसल्या तिचा अंदाज बांधणारे पहिले लोक म्हणजे मंडीच्या वहीचे वाचक, असं मला वाटतं.

उतारावरून घसरण्याचा खेळ रशियातला. सेंट पीटर्सबर्गला हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फाचे उतार बांधत. ती कल्पना फ्रेंचांनी उचलली आणि बर्फाच्या जागी चाकं आणली. 1817 साली पॅरिसमध्ये अशा दोन घसरगाड्या सुरू झाल्या, आणि त्यांत गाडी रुळाबाहेर जाऊ नये म्हणून चाकं रुळाच्या खाचेत अडकवलेली होती. अमेरिकेत वेगळ्याच वाटेनं हेच घडलं. पेन्सिल्व्हेनियातल्या मॉक चंकला 1827 पासून डोंगरावरचा कोळसा रुळांवरून नुसत्या उताराच्या जोरावर खाली येत असे. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला खेचरं होती आणि उतरताना ती खेचरंही डब्यात उभी राहून खाली येत. कोळशाला दुसरा मार्ग झाल्यावर त्या रुळांवरून हौशी माणसं फिरू लागली.

लामार्कस थॉम्प्सनला ‘स्विचबॅक रेल्वे’ची कल्पना तिथूनच मिळाली असं मानतात. 1884 च्या उन्हाळ्यात त्यानं ती कोनी आयलंडवर सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच अधिक. पण मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती बाकांची. ते आडवे होते. बसणाऱ्याचं तोंड पुढच्या रुळाकडे नसून बाजूला, किनाऱ्याकडे आणि गर्दीकडे असे. पुढे चढ आहे की उतार, हे त्याला शरीराला हिसका बसल्यावरच कळायचं. म्हणजे अमेरिकेतल्या या पहिल्या रोलर कोस्टरवर बसलेल्या माणसानं रूळ नीट पाहिलाच नव्हता. पुढच्याच वर्षी फिलिप हिंकलनं गाडी यंत्रानं वर ओढायची सोय केली. बाकांचं तोंडही लवकरच समोर झालं आणि मग रूळ डोळ्यांपुढे आला.

डोळा किती फसतो ते प्रेस्कॉटच्या आधीच्या वेटोळ्यावरून दिसतं. 1895 साली पॉल बॉयटननं कोनी आयलंडवर सी लायन पार्क काढलं. भोवती कुंपण आणि दारात प्रवेश फी, अशी ही पहिली बाग. तिथे ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचं एक वेटोळं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते फार देखणं दिसे, कारण ते जवळजवळ अचूक वर्तुळ होतं. पण त्याचं देखणेपणच बसणाऱ्याच्या मानेवर येत होतं. वर्तुळाकार वेटोळ्याच्या माथ्यावर गाडी जेमतेम रुळाला धरून राहील एवढ्याच वेगानं न्यायची ठरवली, तरी तळाशी बसणाऱ्याला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. वर्तुळ लहान असो वा मोठं, हा सहाचा आकडा बदलत नाही. हे गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवून दाखवलं आहे, आणि दर वेळी वर्गातल्या कुणाचा तरी त्यावर विश्वास बसत नसे. त्यातून हा भार सपाट रुळावरून वर्तुळात शिरता क्षणी, एकदम येतो. फ्लिप फ्लॅपवरून उतरलेले लोक मान धरून जात. प्रेस्कॉटनं आपलं वेटोळं थोडं लांबट केलं, त्यामुळे ते पुष्कळ सुसह्य झालं. पण कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला या दोन वेटोळ्यांतला फरक रुळाकडे बघून सांगता आला नसता. उतरणाऱ्या माणसाच्या मानेकडे बघून मात्र नक्की सांगता आला असता.

या कोड्याचं नीट उत्तर मिळायला 1976 साल उजाडावं लागलं. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल आणि बांधणारा अंतोन श्वार्त्सकोफ यांनी कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनसाठी ‘रेव्होल्यूशन’ बांधली. तिचं वेटोळं पाण्याच्या थेंबासारखं आहे: तळाशी, जिथे वेग जास्त, तिथे वळण मोठं आणि सैल, माथ्याशी, जिथे वेग कमी, तिथे आवळलेलं. भार हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. आज जगातली बहुतेक वेटोळी याच आकाराची आहेत.

आता सिनेमाकडे येते, कारण रुळाकडे डोळे वळवले ते सिनेमानं. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पडद्यावर स्टेशनात येणारी आगगाडी पाहिलेल्या त्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, होते आणि पुढे त्यांनी स्वतः कॅमेरा आणवला. त्या चित्रात कॅमेरा फलाटावर उभा होता आणि गाडी त्याच्याकडे येत होती. एका वर्षात हे उलटं झालं. 1897 साली अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनीनं हडसन नदीकाठच्या हॅवरस्ट्रॉ बोगद्यातून जाणाऱ्या इंजिनाच्या पुढे कॅमेरा बसवला. पडद्यावर गाडीही नाही, माणूसही नाही. फक्त रूळ अंगावर धावून येत आहेत आणि बोगद्याचं तोंड मोठं होत आहे. अशा चित्रांची लाटच आली. 1905 साली कॅन्सस सिटीचे माजी अग्निशमन प्रमुख जॉर्ज हेल यांनी त्यांना रेल्वेच्या डब्याचं रूप दिलं. प्रेक्षक डब्यात बसत, समोर रुळांचं चित्र चाले, डबा हलवला जाई आणि चाकांचा आवाज येई. ‘हेल्स टूर्स’ काही वर्षं गावोगावी चालल्या. पुढे पॅरामाउंट कंपनी उभारणारे अडॉल्फ झुकोर यांनीही या धंद्यात पैसे घातले होते.

याच सुमाराची एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते. 1894 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिवाळी प्रदर्शनात एक ‘झपाटलेला झोका’ होता. एका खोलीत छताजवळच्या आडव्या दांड्याला मोठा झोपाळा टांगलेला, खोलीत टेबल-खुर्च्या वगैरे सामान. झोपाळा हलू लागे, मोठमोठे झोके घेई आणि शेवटी दांड्याभोवती पुरता गरगर फिरे. निदान बसलेल्यांना तसं वाटे. प्रत्यक्षात झोपाळा जवळजवळ जागच्या जागी असे आणि सामान खिळवलेली ती आख्खी खोलीच त्याच्याभोवती फिरवली जाई. पुढे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झालेले रॉबर्ट वुड त्यावर बसले आणि 1895 साली त्यांनी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. युक्ती आधी ठाऊक असूनही शरीर फसतं, हे त्यांनी नोंदवलं. भोवतालचं सगळं दृश्य एकसाथ हललं की मेंदू असं धरून चालतो की आपणच हलत आहोत. शेजारच्या फलाटावरची लोकल सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, ते याचमुळे. म्हणून राइडचं चित्र पाहून पोटात गोळा येणं खोटं नाही. पण तो गोळा डोळ्यांनी दिलेला असतो, आणि राइडवरचा गोळा देणारं इंद्रिय निराळं आहे.

डोळ्यांना फसवण्याच्या या विद्येचा कळस 30 सप्टेंबर 1952 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात झाला. ‘धिस इज सिनेरामा’ची सुरुवात साध्या, लहान, कृष्णधवल पडद्यावर झाली. लोवेल थॉमस हे निवेदक बराच वेळ चित्रकलेचा आणि सिनेमाचा इतिहास सांगत राहिले. मग पडदे दोन्ही बाजूंना सरकत गेले, 146 अंशांचा वक्र पडदा उघडा झाला आणि प्रेक्षक थेट रॉकअवेज प्लेलँडच्या रोलर कोस्टरच्या पुढच्या बाकावर जाऊन बसले. तीन भिंगांचा कॅमेरा, तीन प्रोजेक्टर, सात पट्ट्यांवरचा ध्वनी. ही यंत्रणा फ्रेड वॉलर यांची. युद्धकाळात त्यांनी विमानावरच्या तोफचींना शिकवण्यासाठी याच तत्त्वावर पडद्यांचं यंत्र बनवलं होतं. माणसाला आपण तिथेच आहोत असं वाटतं ते समोरच्या दृश्यापेक्षा डोळ्याच्या कडेला हलणाऱ्या दृश्यामुळे, हे वॉलर यांनी ओळखलं होतं आणि त्यासाठीच पडदा इतका रुंद केला होता. लोकांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले. इथून पुढे रोलर कोस्टर म्हटलं की पुढच्या बाकावरून दिसणारा रूळ, हे चित्र जगाच्या डोक्यात पक्कं बसलं.

1977 साली ‘रोलरकोस्टर’ नावाचा सिनेमा आला तेव्हा थिएटरांत ‘सेन्सराउंड’ची मोठी ध्वनियंत्रं लावून खुर्च्या थरथरवल्या. याच सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियन बागेत ‘रेबेल येल’ या लाकडी कोस्टरवर सतत बसून राहण्याची स्पर्धा झाली. तिथे भेटलेल्या मंडळींनी 1978 साली ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ ही संस्था काढली. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी राइडची पारख पुन्हा शरीराकडे आणली. कुठल्या डब्यात, कुठल्या टेकडीवर, किती वेळ बूड बाकावरून उचललं जातं, हे ते एकमेकांना सांगत आणि त्याला ‘एअरटाइम’ म्हणत.

हा एअरटाइम चित्रात का दिसत नाही, ते सांगायलाच हवं. शरीराला वेग कळत नाही. विमान ताशी आठशे किलोमीटरनं सरळ जात असताना आपण निवांत चहा पितो. शरीराला कळतो तो वेगातला बदल, म्हणजे बाक आपल्याला किती जोरानं ढकलतो आहे तेवढंच. गाडी टेकडीच्या माथ्यावरून वेगात जाते तेव्हा आपलं शरीर सरळ पुढे-वर जाऊ पाहतं आणि रूळ मात्र खाली वळतो. बाक आपल्या खालून निघून जातो आणि मांडीवरचा दांडा आपल्याला धरून ठेवतो. गाडीला धरून ठेवायला रुळाच्या खालच्या बाजूनं आणखी एक चाक असतं. जॉन मिलर यांनी 1919 साली त्याचं पेटंट घेतलं आणि टेकड्या उभ्या करायची, गाड्या त्यांवरून झोकून द्यायची मोकळीक बांधणाऱ्यांना मिळाली. विसाच्या दशकातल्या मोठमोठ्या लाकडी कोस्टरांमागे हे न दिसणारं चाक आहे. पुढच्या बाकावरच्या कॅमेऱ्याला ते कधीच दिसत नाही, आणि बाकापासून सुटलेलं बूडही दिसत नाही, कारण कॅमेरा गाडीला घट्ट बांधलेला असतो. राइडमधल्या ज्या क्षणासाठी माणूस पैसे मोजतो, नेमका तोच टिपता येणार नाही अशा जागी आपण कॅमेरा बसवला आहे.

शिवाय तो नेहमी पहिल्या डब्यात असतो. साखळी गाडीला माथ्यावर आणते तेव्हा पहिला डबा संथपणे कडेवरून झुकतो, कारण मागचे डबे अजून चढावर असतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढची आख्खी गाडी उतारावर सुटलेली असते आणि ती त्याला कडेवरून हिसकून नेते. म्हणून जाणकार पहिल्या उतारासाठी शेवटचा बाक मागतात. त्यातून बागेनं स्वतः काढलेल्या चित्रफितीत बरेचदा गाडी रिकामी असते आणि वेळ सकाळची. चाकं आणि बेअरिंगं थंड असली की गाडी संथ धावते, भरलेली गाडी रिकामीपेक्षा वेग अधिक टिकवते, आणि तीच राइड उन्हाळ्याच्या रात्री निराळी होते. रुंद भिंगामुळे समोरचा उतार दूर आणि सपाट दिसतो. कॅमेऱ्यातली हादरे पुसून टाकणारी यंत्रणा लाकडी रुळाची खडखड गाळून टाकते, आणि लाकडी कोस्टरचं निम्मं व्यक्तिमत्त्व त्या खडखडीतच असतं.

2005 हे वर्ष या इतिहासात ठळक आहे. त्या वर्षी 23 एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, आणि 21 मेला न्यू जर्सीतल्या जॅक्सन गावी, सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमध्ये, ‘किंगडा का’ सुरू झाली. उंची 139 मीटर, साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर वेग, सरळ वर, सरळ खाली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ खलास. व्हिडिओसाठीच जणू घडवलेली राइड. तिच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या आणि ज्यांनी अमेरिका पाहिलेली नाही असे माझे विद्यार्थीही तिच्याबद्दल मतं बाळगून होते. एक मत सगळ्यांचंच: हिच्यात दोनच गोष्टी आहेत, वर आणि खाली. चित्रात ठळकपणे तेवढंच दिसतं. पण साडेतीन सेकंदांत ताशी 206 म्हणजे पाठीवर सतत वजनाच्या दीडपटीहून जास्त रेटा, आणि तोही आडवा. सुटतानाचे ते साडेतीन सेकंद हाच त्या राइडचा गाभा होता, आणि चित्रात तेव्हा नुसता सपाट, सरळ रूळ दिसतो. 28 फेब्रुवारी 2025 रोजी किंगडा काचा मनोरा सुरुंग लावून पाडला. तो पडतानाचा व्हिडिओही पुष्कळांनी पाहिला. यापुढे तिची पारख होईल ती फक्त चित्रफितींवरून, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं.

माझी मुलगी न्यू जर्सीतच एडिसनला राहते, तिथून जॅक्सन फार लांब नाही. माझा नातू राइडचे व्हिडिओ मन लावून पाहतो आणि त्याच्याकडून मी पुष्कळ शिकले. एक तर त्यानं मला संगणकावर आधीच चालणाऱ्या राइड दाखवल्या. 1999 साली ख्रिस सॉयरच्या ‘रोलरकोस्टर टायकून’ या खेळानं मुलांना स्वतः रूळ आखायला दिले. पुढे ‘नोलिमिट्स’सारख्या प्रणाली आल्या आणि हौशी मुलं त्यात खऱ्या भाराचे आकडे काढू लागली. हल्ली राइड बांधायच्या कितीतरी आधी तिची संगणकी चित्रफीत येते. सौदी अरेबियात किद्दियाच्या ‘फाल्कन्स फ्लाइट’बद्दल जगानं मत बनवलं ते तिचा खरा रूळ पुरा होण्याआधीच. मुलं त्या चित्रफिती थांबवून, मागे नेऊन, टेकडीचं वळण मोजून वेग काढतात. हे निव्वळ भौतिकशास्त्र आहे आणि कुणाही शिक्षिकेला त्याचा अभिमान वाटावा. मी या मुलांना दोष देणार नाही.

कोनी आयलंडला त्याला घेऊन मी ‘सायक्लोन’ पाहायला गेले. 26 जून 1927 पासून ती तिथे उभी आहे, थॉम्प्सनच्या स्विचबॅकच्याच परिसरात. उंची 85 फूट, वेग ताशी 60 मैल, आजच्या मानानं काहीच नाही. नातवानं तिचे व्हिडिओ पाहून ‘लहान आहे, आजी’ असा निकाल आधीच दिला होता. ‘अरे, आधी कुंपणाशी ये,’ मी म्हटलं. सर्फ अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूनं आम्ही उभे राहिलो आणि दादांनी सांगितलं होतं तसं रुळाकडे न बघता माणसांकडे पाहत राहिलो. मागच्या डब्यातल्या बाईचे केस पहिल्या उतारावर सरळ वर उभे राहिले. तिच्या शेजारच्या माणसाचे खांदे दांड्याच्या वर किती तरी उसळले आणि पुढच्या खळग्यात आत दबले. पहिल्या डब्यातली माणसं त्या मानानं जागेवरच होती. नातू काही न बोलता तिकिटांच्या रांगेकडे निघाला आणि आम्ही शेवटचा बाक मागून घेतला. कडेवरून तो डबा ओढला गेला तेव्हा माझ्या पायांखाली, बुडाखाली कशाचाच आधार उरला नाही. मांडीवरचा दांडा तेवढा होता. गोराईचं एस्सेलवर्ल्ड मी 1989 पासून पाहिलं, ते 2022 साली बंद झालं. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन जायचे तेव्हा इतकं तीव्र काही जाणवलं नव्हतं. दूरदर्शनवरच्या त्याच्या जाहिराती अजून आठवतात, त्यातली हसणारी, ओरडणारी मुलंही आठवतात. रूळ कसे होते ते अजिबात आठवत नाही.

खोपोलीच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’ 2013 सालची, स्विस कंपनीची, उंची सुमारे 40 मीटर, पायांखाली फरशी नसलेली. मुंबई-पुण्याची मुलं तिच्यावर जायच्या आधी तिचा पुढच्या बाकावरचा व्हिडिओ पाहतात. त्यांना माझं सांगणं आहे की तो पाहा, पण त्याबरोबर खालून काढलेलाही शोधा, कुणीतरी वाट पाहत उभ्या असलेल्यानं हात थरथरत काढलेला. त्यात उलट्या झालेल्या माणसांचे लोंबकळणारे पाय बघा. माथ्यावर पाय सैल तरंगत असतील तर तिथे भार जवळजवळ शून्य आहे. तळाशी ते बाकाला चिकटले, माना खांद्यांत गेल्या, तर तिथे वजनाच्या तीन-चार पट भार आहे. दोन उलट्या फेऱ्यांमधल्या वेळात डोकं डावी-उजवीकडे आपटतं का ते बघा. आपटत असेल तर रुळाची आखणी मानेचा विचार न करता झाली आहे, किंवा चाकं झिजली आहेत. आणि उतरणाऱ्यांचा एखादा व्हिडिओ मिळाला तर तो पुरा पाहा, कारण जिन्यावरून उतरताना माणसं जे बोलतात आणि पुन्हा रांगेकडे वळतात की सरळ बाकडं शोधतात, ते कुठल्याच बागेनं मुद्दाम चित्रित करून ठेवलेलं नसतं. नातू आता नवी राइड आली की मला दुवा पाठवतो तो खालून काढलेल्या व्हिडिओचा, आणि विचारतो, ‘आजी, तिसऱ्या टेकडीवर शेवटच्या रांगेतल्यांचे हात बघ, किती असेल?’ आम्ही दोघं आपापल्या वहीत आकडा काढतो आणि मग फोनवर ताडून बघतो.